पडद्यावरील खिडक्यांचा द्रष्टा : डग्लस एंगेलबार्ट

विद्यार्थी मित्रहो, घराला खिडकी असते ती वारा व उजेड यांच्यासाठी. परंतु संगणकासमोर बसल्यावर आपण ज्या खिडक्या दिवसातून अनेकदा उघडतो आणि मिटतो, त्यांतून वारा येत नाही. एका खिडकीत आपला निबंध असतो, दुसरीत भूगोलाचा नकाशा, तिसरीत दूरदेशी राहणाऱ्या मामाचे पत्र. तिच्या माथ्यावरची पट्टी धरून ती बाजूला सारावी, कोपरा ओढून ती लहानमोठी करावी, एका खुणेवर बोट दाबून ती खाली दडवावी आणि फुलीवर दाबून ती मिटून टाकावी, हे सारे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की, हे प्रथम कोणाच्या मनात आले असेल असा प्रश्नही आपल्याला पडत नाही. या कामी अनेकांचे हात लागले आहेत. परंतु ज्या काळी संगणक हे केवळ आकडेमोड करणारे अवजड यंत्र समजले जात होते, त्या काळी माणसाने त्याच्या पडद्यासमोर बसून विचार करावा, असे स्वप्न पाहणाऱ्यांत ज्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते, ते म्हणजे अमेरिकन अभियंते डग्लस कार्ल एंगेलबार्ट. त्यांना जाऊन एक तप लोटले. त्यांचे चरित्र जितके बोधप्रद आहे, तितकेच ते मनाला चटका लावणारे आहे.

एंगेलबार्ट यांचा जन्म ३० जानेवारी १९२५ रोजी अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातील पोर्टलंड या शहरी झाला. वडिलांचे रेडिओविक्रीचे व दुरुस्तीचे दुकान होते. डग्लस अवघा नऊ वर्षांचा असता पितृछत्र हरपले. तो काळ मोठ्या आर्थिक मंदीचा होता. तीन भावंडांचा हा संसार आईने काटकसरीने चालविला. शहराबाहेरच्या शेतवस्तीत, ओढ्याकाठी या मुलाचे बालपण गेले. जे हाताशी असेल त्यातूनच हवी ती वस्तू बनवावी, ही सवय अशा बालपणातच लागते. शालेय शिक्षण पुरे करून १९४२ साली तो ऑरेगन राज्य महाविद्यालयात विद्युत अभियांत्रिकीच्या अभ्यासासाठी दाखल झाला.

त्या वेळी दुसरे महायुद्ध पेटलेले होते. शिक्षण अर्धवट टाकून डग्लसला आरमारात जावे लागले आणि तेथे त्याला रडार यंत्राचे शिक्षण मिळाले. रडारच्या काचेवर दूरच्या विमानाची किंवा जहाजाची खूण प्रकाशबिंदूच्या रूपाने उमटते. यंत्र काचेच्या पडद्यावर माणसाला काही दाखवू शकते आणि ते पाहून माणूस तत्काळ निर्णय घेऊ शकतो, ही गोष्ट या तरुणाच्या मनावर तेव्हाच ठसली. १९४५ साली त्याचे जहाज सॅन फ्रान्सिस्कोचे बंदर सोडत असतानाच युद्ध संपल्याची वार्ता आली. तरी जहाज पुढे गेलेच. फिलिपीन्समधील लेटे बेटावर खांबांवर उभारलेल्या एका झोपडीत रेडक्रॉसचे छोटेसे वाचनालय होते. तेथे त्याच्या हाती एक मासिक पडले. त्यात व्हॅनेव्हर बुश या थोर शास्त्रज्ञाचा एक लेख होता. ज्ञान इतके वाढत चालले आहे की ते शोधण्यातच माणसाची शक्ती खर्च होते. यावर उपाय म्हणून पडदे बसविलेले एक मेज असावे, हवी ती पाने त्यावर उमटावीत आणि एका पानाचा धागा दुसऱ्या पानाशी जोडता यावा, अशी कल्पना बुश यांनी त्यात मांडली होती. असे मेज त्या वेळी कोठेच नव्हते. झोपडीतला तो वीस वर्षांचा वाचक मात्र ती कल्पना मनात घेऊनच मायदेशी परतला.

१९४८ साली पदवी मिळाल्यावर त्यांना कॅलिफोर्नियात विमानसंशोधनाच्या एका सरकारी प्रयोगशाळेत नोकरी लागली. पगार चांगला, काम बिनधोक. १९५० च्या डिसेंबरात त्यांचा बॅलार्ड फिश या तरुणीशी वाङ्‌निश्चय झाला. नोकरी आहे, घर होणार आहे, संसार सुरू होणार आहे. आता पुढच्या आयुष्याचे काय करायचे, असा प्रश्न त्यांना त्या दिवसांत पडला. सुख हातात आल्यावर असा प्रश्न विचारणारी माणसे थोडी. विचार करता करता ते या निर्णयाप्रत आले की, जगापुढील संकटे दिवसेंदिवस अधिक गुंतागुंतीची व अधिक तातडीची होत चालली आहेत, आणि त्यांना तोंड देण्याची मानवाची एकत्रित बुद्धी मात्र त्या वेगाने वाढत नाही. ती वाढविण्यास जो हातभार लावील, त्याचे आयुष्य कारणी लागले. रडारची काच, बुश यांचे मेज आणि नव्यानेच निर्माण झालेला संगणक, या तिन्ही गोष्टी त्यांच्या मनात एकत्र आल्या. पडद्यासमोर बसलेली माणसे, पडद्यावर उमटणारी अक्षरे व आकृती आणि एकमेकांच्या विचारात परस्पर भर घालणारे सहकारी, असे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. तेव्हा त्यांचे वय होते अवघे पंचवीस.

हे चित्र खरे करण्यासाठी त्यांनी नोकरी सोडली व बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रवेश घेतला. १९५५ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. पण मनातील कल्पना बोलून दाखविताच ऐकणारे साशंक होत. त्या काळचा संगणक म्हणजे खोलीभर कपाटे. छिद्रे पाडलेली कार्डे आत द्यावीत आणि तासातासांनी छापील उत्तर घ्यावे, असा त्याचा वापर. इतक्या महागड्या यंत्रासमोर एकट्या माणसाने पत्र लिहीत बसणे ही त्या काळी उधळपट्टीच वाटली असती. १९५७ साली ते मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेत रुजू झाले. तेथेही असल्या कल्पना फारशा कोणाजवळ बोलू नयेत, असाच सल्ला त्यांना मिळाला. त्यांनी आधी नेमून दिलेले काम चोख करून दाखविले आणि मग १९६२ साली आपला सारा विचार एका विस्तृत अहवालात मांडला.

याच सुमारास त्यांनी केलेला एक साधा प्रयोग सांगण्याजोगा आहे. त्यांनी पेन्सिलीला एक वीट बांधली आणि त्या जड पेन्सिलीने माणसाला लिहावयास लावले. साहजिकच लिहिणे मंदावले आणि अक्षर बिघडले. यातून त्यांना दाखवावयाचे होते ते असे की, साधन जड झाले की केवळ हातच थकतो असे नाही. किती लिहावे, काय खोडावे, काय पुन्हा मांडावे हे सारे बदलते, आणि त्याबरोबर विचारही खुंटतो. मग साधन हलके आणि चपळ केले, तर विचाराला पंख का फुटू नयेत?

अहवाल वाचून अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने, आणि पुढे नासानेही, साहाय्य देऊ केले. एंगेलबार्ट यांनी प्रयोगशाळा उभारली. पहिला प्रश्न असा की, पडद्यावरच्या नेमक्या जागी बोट कसे ठेवायचे? प्रकाशाची लेखणी, दांडा, गुडघ्याने हलविण्याचा खटका, असे अनेक उपाय तपासून पाहण्यात आले. त्यांतच एंगेलबार्ट यांनी सुचविलेली आणि त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी १९६४ साली घडविलेली एक लाकडी डबी होती. तिच्या पोटाशी परस्परांशी काटकोनात बसविलेली दोन चाके होती. डबी मेजावर सरकविली की एक चाक आडवे अंतर मोजी आणि दुसरे उभे. त्या मापाने पडद्यावरची खूण हाले. चाचण्यांत हीच डबी सरस ठरली. मागे शेपटासारखी तार असल्याने प्रयोगशाळेत तिला माउस म्हणजे उंदीर म्हणू लागले. ते नाव प्रथम कोणी दिले, हे पुढे कोणालाच आठवेना. १७ नोव्हेंबर १९७० रोजी तिच्या पेटंटला मान्यता मिळाली.

यानंतर आला तो दिवस, ज्याने संगणकाच्या इतिहासात अढळ स्थान मिळविले. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे संगणकतज्ज्ञांची परिषद भरली होती. सुमारे हजार श्रोते होते. एंगेलबार्ट व्यासपीठावर एका मेजाशी बसले होते. उजव्या हाताखाली माउस, डाव्या हाताखाली पाच पट्ट्यांचा लहान कळफलक आणि कानाशी ध्वनिक्षेपक. मागे सुमारे २२ फुटी प्रचंड पडदा. खुद्द संगणक तेथे नव्हताच. तो सुमारे ३० मैलांवर मेन्लो पार्कला होता आणि सूक्ष्मलहरींच्या योगाने सभागृहाशी जोडलेला होता. कोठेही एक तार तुटली असती, तर सर्वांसमक्ष फजिती ठरलेली.

त्यांनी आरंभ केला तो घरच्या बाजाराच्या यादीने. पडद्यावर जिन्नस उमटले. ते त्यांनी प्रकारवार लावले. एका क्षणात सारा तपशील दडवून केवळ मथळे ठेवले आणि दुसऱ्या क्षणी तो पुन्हा उलगडला. घरी जाताना वाटेत करावयाची कामे त्यांनी एका नकाशावर दाखविली. पुढे तर पडद्याचे भाग पाडून एका भागात मजकूर आणि दुसऱ्या भागात मेन्लो पार्कला बसलेल्या सहकाऱ्याचा चेहरा दिसू लागला. दोघेही एकमेकांशी बोलत एकाच मजकुरावर काम करीत होते. हा प्रयोग दीड तास चालला. तो संपला तेव्हा सारे सभागृह उभे राहून टाळ्या वाजवीत होते. आज आपण पडद्यावर नात्यातल्या माणसांचे चेहरे पाहून बोलतो. त्याचे बीज या दीड तासात होते.

मित्रहो, येथे थोडे थांबून आपल्या रोजच्या खिडकीकडे पाहू. यादीचा तपशील दडविणे व उलगडणे, दोन गोष्टी शेजारी मांडणे, हवे ते पुढे आणणे, ही एंगेलबार्ट यांची दृष्टी. पाहणाराने आपल्या विचाराच्या गरजेप्रमाणे दृश्य बदलावे, यंत्राने माणसावर ते लादू नये, हे तिचे सार. खिडकीच्या प्रत्येक खुणेत हेच तत्त्व आहे. विंडोज प्रणालीत माथ्यावरील पट्टीच्या उजव्या टोकाला तीन खुणा असतात. आडवी रेघ दाबली की खिडकी खाली पट्टीत जाऊन बसते. ती मिटत नाही, आतले काम जसेच्या तसे राहते आणि तिच्या चिन्हावर दाबताच परत येते. चौकोन दाबला की ती सारा पडदा व्यापते, पुन्हा दाबला की पूर्वीच्या आकाराची होते. फुली दाबली म्हणजे मात्र ती मिटते; म्हणून लिहिलेले जतन केल्याशिवाय फुलीकडे हात नेऊ नये. माथ्याची पट्टी धरून खिडकी हलवावी, कड किंवा कोपरा धरून तिचा आकार बदलावा. ऑल्ट ही कळ दाबून धरून टॅब दाबली की एका खिडकीतून दुसरीत जाता येते. धडा एका खिडकीत आणि टिपणवही दुसरीत, अशा दोन खिडक्या शेजारी लावून अभ्यास करणाऱ्याला पाने उलटसुलट करावी लागत नाहीत. वीट सुटलेली पेन्सिल म्हणतात ती हीच.

अर्थात या खिडक्यांचे आजचे रूप एंगेलबार्ट यांच्या एकट्याचे नव्हे, हे सांगितले पाहिजे. त्यांच्या पडद्याचे भाग शेजारी शेजारी मांडलेले असत. मेजावरच्या कागदांप्रमाणे एकीवर एक येणाऱ्या खिडक्या १९७० नंतर झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ॲलन के व त्यांच्या सहकाऱ्यांनी घडविल्या. त्या केंद्राचा आल्टो हा संगणक १९७३ साली तयार झाला. १९८१ साली झेरॉक्सचा स्टार, १९८४ साली ॲपलचा मॅकिंटॉश आणि १९८५ साली मायक्रोसॉफ्टची विंडोज प्रणाली बाजारात आली. त्या पहिल्या विंडोजमध्ये खिडक्या एकीवर एक येत नसत, फरशांप्रमाणे शेजारीच बसत. १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या एकमेकींवर येऊ लागल्या. रेघ, चौकोन व फुली ही उजव्या कोपऱ्यातील तिन्ही चिन्हे १९९५ च्या आवृत्तीपासून रूढ झाली.

आपल्या देशाचा व आपल्या नगराचाही या कथेशी धागा आहे. एंगेलबार्ट आपल्या प्रयोगाची तयारी करीत होते त्याच काळात, १९६७ साली, हैदराबादेत इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही सरकारी कंपनी स्थापन झाली, आणि १९६९ साली टीडीसी-१२ हा देशी बनावटीचा संगणक तयार झाला. खिडक्यांत आपली देवनागरी अक्षरे उमटू लागली, त्याचे बरेचसे श्रेय एका मराठी माणसाकडे जाते. मराठी कवी आणि थोर अक्षरकार र. कृ. जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेला मंगल हा टंक विंडोज २००० मध्ये समाविष्ट झाला. खिडकी दूरच्या देशात घडली. तिच्यातून डोकावणारे अक्षर मात्र आपल्या माणसाने वळविले.

असो. एवढ्या जयजयकारानंतर एंगेलबार्ट यांना धन आणि मान भरभरून मिळाला असेल, असे वाटणे साहजिक आहे. घडले ते उलटेच. १९६९ साली दूरदूरचे संगणक जोडणारे जे पहिले जाळे अमेरिकेत विणले गेले, त्याचे दुसरे केंद्र त्यांच्याच प्रयोगशाळेत होते. त्याच जाळ्यातून पुढे इंटरनेट उदयास आले. परंतु हळूहळू साहाय्य आटत गेले. बिल इंग्लिश यांच्यासह कित्येक सहकारी झेरॉक्सच्या केंद्रात निघून गेले. मतभेदही होते. नवी पिढी म्हणे की संगणक पहिल्या दिवशीच कोणालाही वापरता आला पाहिजे. एंगेलबार्ट यांना ते अपुरे वाटे. त्यांच्या मते तीन चाकांची सायकल पटकन चालविता येते हे खरे, पण दूरचा पल्ला गाठावयाचा तर दोन चाकांवर तोल सावरण्याचे कष्ट घ्यावेच लागतात. माणसाने साधनाबरोबर स्वतःही वाढले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांची प्रणाली शिकावयास अवघड होती, हेही तितकेच खरे. बाजाराने सोपेपणाला कौल दिला.

१९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस प्रयोगशाळा एका व्यापारी कंपनीला विकली गेली. ती कंपनी पुढे १९८४ साली दुसऱ्या कंपनीने घेतली. एंगेलबार्ट यांच्या शब्दाला तेथे फारसे वजन उरले नाही. १९८६ साली ते निवृत्त झाले. माउसचे पेटंट संस्थेच्या मालकीचे असल्याने, जगात कोट्यवधी माउस विकले गेले तरी त्यांना त्यावर मानधन मिळाले नाही. पिकते तेथे विकत नाही, ही म्हण त्यांच्या बाबतीत अक्षरशः खरी ठरली.

परंतु त्यांनी कडवटपणा धरला नाही. १९८८ साली कन्या क्रिस्टिना हिच्यासह त्यांनी एक संस्था काढली आणि माणसांनी एकत्र येऊन कठीण प्रश्न कसे सोडवावेत, या आपल्या मूळ विषयाचाच प्रसार चालू ठेवला. लॉजिटेक या माउस बनविणाऱ्या कंपनीने त्यांना बसण्यासाठी जागा दिली. उशिरा का होईना, जगाला जाग आली. १९९७ साली संगणकशास्त्रातील सर्वोच्च असा ट्युरिंग पुरस्कार आणि पाच लाख डॉलरचा लेमेलसन-एमआयटी पुरस्कार त्यांना मिळाला. १९५० साली ज्या वाङ्‌निश्चयाने त्यांना आयुष्याचा विचार करावयास लावले, त्यातल्या सहचारिणीचे, बॅलार्ड यांचे, त्याच वर्षी निधन झाले. सन्मान आणि शोक एकाच वर्षी दारी आले. २००० साली अमेरिकेच्या अध्यक्षांनी त्यांना राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक देऊन गौरविले. २ जुलै २०१३ रोजी कॅलिफोर्नियातील ॲथरटन येथील राहत्या घरी, वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांची प्राणज्योत मालवली.

त्यांच्या आयुष्याचा ताळेबंद मांडू गेल्यास एक गोष्ट ठळकपणे दिसते. जगाने त्यांच्यापासून माउस घेतला, खिडक्यांचे बीज घेतले, पडद्यावरचे संभाषण घेतले. पण ज्या हेतूने त्यांनी हे सारे निर्मिले, तो हेतू घेण्यास मात्र जगाने आळस केला. त्यांना माणसाची करमणूक साधावयाची नव्हती. पाण्याचा तुटवडा, रोगराई, युद्ध यांसारखी जी संकटे एकट्याच्या बुद्धीला पेलत नाहीत, त्यांच्यावर अनेकांची बुद्धी एकवटावी म्हणून त्यांनी ही साधने घडविली. आज एकाच पडद्यावर दहा खिडक्या उघडून एकीतही मन न लावणारे विद्यार्थी पाहिले, म्हणजे पेन्सिलीची वीट सुटली खरी, पण ती मनाला जाऊन बांधली गेली की काय, अशी शंका येते.

म्हणून, मित्रहो, यापुढे पडद्यावरची खिडकी उघडाल तेव्हा ती कशासाठी उघडली याचे भान ठेवा. जी नको ती रेघेने दडवा, जी संपली ती फुलीने मिटा आणि जी कामाची आहे ती चौकोनाने मोठी करून तिच्यात मन घाला. जमल्यास शेजारच्या मित्रालाही त्या कामात सामील करून घ्या, कारण एंगेलबार्ट यांच्या स्वप्नात पडद्यासमोर बसलेला माणूस कधीच एकटा नव्हता.